टोपली, नग एक

टोपली या शब्दाला आमच्या कार्यालयात गेली बावीस वर्षं एकच अर्थ आहे आणि तो मी ठरवलेला आहे. मी भांडार विभागातला वरिष्ठ कारकून. खुर्ची असो, पंखा असो की टाचण्यांची डबी, फाटकातून आत आलेली प्रत्येक वस्तू माझ्या रजिस्टरातून जाते. त्यात 'ट'खाली तीन नोंदी आहेत : टाचणी, टेबल आणि टोपली. टोपलीपुढे कंसात 'केराची'. दुसऱ्या कुठल्या टोपलीला कार्यालयात काय काम, असा माझा साधा विचार.

त्यामुळे बायकोने चार पाहुण्यांदेखत "मी भेटीच्या टोपल्या सजवायला शिकणार आहे" असं जाहीर केलं, तेव्हा मी लगेच म्हणालो, "टोपली? आमच्या रजिस्टरात टोपली एकच, केराची!" पाहुणे हसले. मेव्हणा तर बशीत चहा सांडेपर्यंत हसला. ही मात्र हसली नाही. उठली आणि अर्धवट प्यायलेले कप गोळा करायला लागली. मला वाटलं, हिला विनोद कळला नाही.

माझ्या जिभेला हाड नाही, हे हिच्या आईने लग्नाआधीच ओळखलं होतं म्हणे. आमच्या माळ्यावर तीन खोकी आहेत. पहिल्यात मेणबत्त्यांचे साचे. ही मेणबत्त्या करायची तेव्हा मी म्हणालो होतो, "छान, लाइट गेली की बघू." दुसऱ्यात लोकर आणि सुया. पहिलाच लांबलचक मफलर विणून दाखवला तेव्हा मी विचारलं होतं, "विहिरीत बादली सोडायची आहे का?" तिसऱ्यात मातीची भांडी, त्यांच्याबद्दल काय बोललो ते मी इथे सांगणार नाही. एकेक शेरा आणि एकेक खोकं. हिशेब अगदी चोख आहे, पण तो मांडायला मला बावीस वर्षं लागली.

तर ही सहा आठवडे वर्गाला गेली. घरात रोज नवीन शास्त्र येऊ लागलं. मागे उंच, पुढे ठेंगणं. जड खाली, हलकं वर. वस्तू पाच किंवा सात, सहा कधीच नाही. तळाला कोंबलेली कागदाची भर दिसली की टोपली मेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यात एक तरी वस्तू अशी हवी की बघणाऱ्याने म्हणावं, अरे, हे काय! मी ऐकून घ्यायचो. बोलायची फार इच्छा व्हायची, पण मेव्हण्याचा चहा सांडल्यापासून ही माझ्याशी मोजकंच बोलत होती.

हिचं लक्ष होतं कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानावर. त्या दुकानाला रस्त्याच्या बाजूने मोठी दर्शनी काच आहे. त्या काचेत आपली टोपली असावी, एवढंच हिच्या मनात होतं. एकदा धीर करून आत जाऊन विचारूनही आली. दुकानवाल्या मॅडम म्हणाल्या, "खऱ्या समारंभात दिलेली तुमची एक टोपली बघू दे मला, मग बोलू." आता या मॅडम म्हणजे आमच्या साहेबांच्या मिसेस. आणि साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते.

निरोप समारंभाच्या बैठकीत भेटवस्तूवर चर्चा चालली होती. घड्याळ द्यावं तर साहेबांकडे अकरा घड्याळं. पेन द्यावं तर साहेब आता सही कशावर करणार? चर्चा तिथेच अडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या घरी एक उत्तम टोपली होईल." का बोललो, देव जाणे. कदाचित हिचं ते न हसणं मला टोचत होतं. बोललो खरा, आणि बाहेर येताच पस्तावलो.

घरी सांगितल्यावर हिने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "अहो, थट्टा तर नाही ना करत?"

"नाही गं."

"मग ऐका. ही जमली तर जमली. नाही तर माळ्यावर चौथं खोकं जाईल, आणि त्यानंतर मी काही शिकणार नाही. तुम्हाला विनोदाला दुसरा विषय शोधावा लागेल."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. टोपली करणार ही, बघणार मॅडम, आणि तोंडचं पाणी पळालं माझं!

आमच्या इमारतीत कुणी काही करतंय असं कळलं की सल्ला द्यायला जिना भरतो. खालच्या काकू म्हणाल्या, "मधोमध अननस उभा कर, रुबाब येतो." समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "टोपली तिरकी हवी. सरळ टोपलीत चैतन्य नसतं." स्वतःच्या घरातली एक खुर्ची गेली चार वर्षं तिरकी आहे, ती काही ते सरळ करत नाहीत. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट तर आपली दहा कार्डं घेऊन आले. "वहिनी, जॅमच्या मागे एक सरकवा फक्त. साहेब निवृत्त होतायत, हीच वेळ आहे." हिने तिघांना चहा दिला आणि तिघांचंही काही ऐकलं नाही. मीसुद्धा मदत म्हणून, टोपलीच्या तळाला भरायला, कार्यालयातल्या कागद कापायच्या यंत्रातला पोतंभर भुगा आणला होता. त्यातल्या एका पट्टीवर माझ्याच अक्षरात 'तात्काळ ना' एवढंच दिसत होतं. हिने पोतं उचलून दाराबाहेर ठेवलं.

टोपली आठवड्यात नऊ वेळा बांधली गेली आणि नऊ वेळा सुटली. चीज, मध, अंजिराचा जॅम, कॉफी, ऑलिव्ह, चॉकलेट आणि काचेच्या उंच बरणीत बदामाची बिस्किटं, असा सात वस्तूंचा संसार. एकदा मध गळला. एकदा चीजने टेकू सोडला आणि ऑलिव्हची बाटली जमिनीवर गडगडत माझ्या पायाशी आली. मी पायाने अडवली आणि अंगठा सुजवून घेतला. ही धावत आली, बाटली उचलली, उजेडात धरून तडा गेलाय का बघितलं आणि परत गेली. अंगठ्याची चौकशी झाली नाही.

आणि मग बिस्किटांचा प्रकार घडला. मी कबूल करतो. बरणी टेबलावर होती, झाकण उघडं होतं, आणि काळजी वाटायला लागली की मला खायला लागतं. मी एक खाल्लं. मग बरणी एका बाजूला रिकामी दिसायला लागली म्हणून दुसऱ्या बाजूचं एक खाल्लं. असं समतोल साधता साधता बरणी अर्ध्यावर आली. चोराच्या मनात चांदणं, तसा मी वर्तमानपत्र उलटं धरून बसलो. हिने बरणी बघितली, मग मला. "बेकरी दोन दिवस बंद आहे," एवढंच म्हणाली, आणि आवाज इतका शांत होता की मला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी बरणीत बिस्किटं नव्हती. हिने संत्र्याच्या पातळ चकत्या सुकवून त्यात उभ्या लावल्या होत्या. खिडकीतला उजेड पडला की एकेक चकती आतून पेटल्यासारखी दिसायची. मी चांगलं काही बोलणार होतो, पण आपल्या बोलण्याचा इतिहास आठवला आणि गप्प बसलो.

समारंभाच्या दिवशी मी टोपली मांडीवर घेऊन टॅक्सीने निघालो. ही तीन वाजता परस्पर सभागृहात येणार होती. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली होत होता. टॅक्सीवाला आरशातून बघून म्हणाला, "काका, टोपली ठीक आहे, तुम्ही श्वास घ्या."

फाटकावर रखवालदाराने हात आडवा केला. "साहेब, टोपली दिसतेय. नोंद?"

आता या फाटकावर माझंच एक परिपत्रक लावलेलं आहे. पाच वर्षांपूर्वी कार्यालयातल्या केराच्या टोपल्या गायब व्हायला लागल्या. लोक घरी नेऊन त्यात कांदे ठेवत होते. तेव्हा मी नियम काढला : 'कोणतीही टोपली आत येताना वा बाहेर जाताना तिची नोंद व्हावी, तिला नाव-चिठ्ठी तारेने बांधून शिशाचं सील मारावं.' त्या परिपत्रकाबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. म्हणतात ना, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

"अहो, ही भेटीची टोपली आहे," मी म्हणालो.

त्याने छापील तक्ता काढला. "भेटीची छापलेली नाही. ट-तीन, टोपली, कंसात केराची. एवढंच आहे. तुम्हीच छापून घेतलंय."

"मग नोंदच करू नका!"

"तसं कसं? खाली तुमचीच सही आहे, 'कोणाचीही गय केली जाणार नाही'." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "लिहून टाका ना. आत गेल्यावर कोण बघतंय? चिठ्ठी तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे."

मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. ऊन चढत होतं, आत चीज होतं. मी पेन काढलं आणि बायकोने नऊ वेळा बांधलेल्या टोपलीच्या चिठ्ठीवर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'टोपली (केराची), नग १.' त्याने तार आवळली, सील दाबलं. तार कड्याला अशी बसली की तोडायची तर रेशमी फीतच कापावी लागली असती. कारण सील सहज तुटू नये, ही सुधारणाही माझीच. मी चिठ्ठी फितीच्या गाठीखाली दडवली आणि टोपली भांडारात माझ्या टेबलावर ठेवली.

इथे आमच्या शिपायाची ओळख करून द्यायला हवी. त्याला सगळे 'उद्या' म्हणतात. कोणतंही काम सांगा, उत्तर एकच. मी त्याच्या उद्यावर पूर्ण विश्वास ठेवून जगलेला माणूस आहे. पण त्या सकाळी साहेबांचा शेवटचा आदेश निघाला होता : 'माझ्या काळातली एकही मागणी दोन वाजेपर्यंत प्रलंबित राहता कामा नये.' मला साहेबांनी कागद लावायला आत बोलावलं. दोन तासांनी परत आलो तर टेबल मोकळं होतं.

"टोपली कुठाय?"

उद्या स्टूलवर बसून घाम पुसत होता. चेहऱ्यावर कर्तव्याचं तेज. "दिली की. टपाल विभागाने तीन वर्षांपूर्वी केराची टोपली मागितली होती. गाठीखालची चिठ्ठी बघितली, केराची, नग एक. लगेच पोचवली. आज 'उद्या' नाही म्हटलं!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने आजचं काम आज केलं होतं. मी त्याला काय बोललो ते आठवत नाही. पावणेतीन झाले होते. मी जिना चढलो, सुजलेला अंगठा घेऊन, आणि डोळ्यांसमोर फक्त एकच दिसत होतं : टपाल विभाग. दिवसाला हजार पाकिटं फोडणारी खोली. डिंक, फाटकी पाकिटं, चहाचे कागदी पेले. आणि त्या सगळ्याखाली अंजिराचा जॅम. माळ्यावर चौथं खोकं ठेवायला जागा आहे का, हेसुद्धा मी त्या जिन्यात आठवून बघितलं.

दार ढकललं आणि थांबलो. सहा माणसं कोपऱ्यात गोल उभी होती. मधोमध जमिनीवर आमची टोपली. आणि सहाही जणांच्या मुठीत कचरा. कुणाच्या हातात फाटकी पाकिटं, कुणाच्या हातात पेला, एकाच्या हातात केळ्याचं साल. टाकत कुणीच नव्हतं.

विभागप्रमुख टपालबाई मला बघून म्हणाल्या, "काय हो हे? तीन वर्षं मागतेय मी, आणि पाठवलीत ती अशी? दीड तास झाला, हात होत नाहीये कुणाचा. हे बघा, यांनी केळं खाऊन किती वेळ झाला!"

केळेवाले म्हणाले, "टाकणार होतो. पण ती संत्री बघितली आणि म्हटलं, राहू दे."

मला एकदम रडू यायला लागलं. मी टोपलीवर झडप घातली. बाईंनी कडं धरलं. "अं हं. नोंद झालीये. परत न्यायची तर परतीचा फॉर्म, वर साहेबांची सही. नियम तुमचाच आहे."

मी फॉर्म भरला आणि सभागृहाकडे पळालो. समारंभ सुरू झाला होता. व्यासपीठावर साहेब, शेजारी मॅडम. तिसऱ्या रांगेत ही, ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसलेली. रिकाम्या टेबलाकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत होती. मी तिची नजर चुकवून साहेबांपुढे कागद सरकवला. साहेब तीस वर्षांच्या सवयीने मोठ्याने वाचून मगच सही करतात, आणि समोर माइक चालू होता.

"केराची टोपली, नग एक, परत घेण्यास मान्यता असावी," सभागृहभर ऐकू गेलं. "मूळ प्रयोजन : माननीय साहेबांना सप्रेम भेट."

सभागृहात हशा पिकला. मेव्हण्याचा चहा सांडला होता तसा हशा, फक्त दोनशे माणसांचा. मी हिच्याकडे बघितलं. ती त्याही वेळी हसली नव्हती. आत्ताही हसत नव्हती, आणि मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मी माइक धरला. खरं म्हणजे भाषण करायची माझी हौस जुनी आहे, पण त्या दिवशी मोजकंच बोललो. "ती केराची नाही," मी म्हणालो. "माझ्या बायकोने केलीय. केराची मी लिहिलं. माझ्या रजिस्टरात दुसरा शब्दच नव्हता. चूक माझी आहे, आणि आजची नाही, जुनी आहे."

तेवढ्यात दारातून टपालबाई टोपली दोन्ही हातांत धरून आल्या. मागे त्यांची पाच माणसं, मुठी आवळलेल्या. बाईंनी टोपली टेबलावर ठेवली, साहेबांनी फॉर्मवर सही केली. कारकीर्दीतली त्यांची ती शेवटची सही. मग बाई माइकशी वाकून म्हणाल्या, "नोंद केराची होती साहेब. पण दीड तासात एकाचाही हात झाला नाही कचरा टाकायला. एवढंच सांगायचं होतं." आणि केळेवाल्यांनी पुरावा म्हणून साल वर करून दाखवलं.

आता कुणी हसलं नाही. मॅडम उठल्या, टोपलीभोवती एक फेरी मारली, मागची बाजू बघितली, तळ बघितला. भर दिसत नव्हती. खिडकीतून ऊन थेट बरणीवर पडलं होतं.

"ही संत्र्याची कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं.

ही व्यासपीठाजवळ आली होती. तिने माझ्याकडे बघितलं. "यांच्यामुळेच सुचली," ती म्हणाली. मी मान खाली घातली.

"सोमवारी दुकानात या," मॅडम म्हणाल्या. "काच पुसून ठेवते."

हिने मान डोलावली. डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत. आधी फितीची गाठ सरळ केली. गाठीखालून चिठ्ठी बाहेर आली. तिने ती वाचली, सावकाश, कंसासकट.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली. "आता शब्द बरोबर लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजिस्टर उघडलं आणि 'ट'खाली चौथी नोंद केली. घरी येऊन तिला सांगितलं, "टोपली म्हणून वेगळी नोंद केली आज."

"कंसात काय लिहिलंत?"

"काही नाही. नुसतीच टोपली."

ती हसली. खूप दिवसांनी, आणि जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "आता स्टूल आणा. माळ्यावरची ती तिन्ही खोकी खाली काढा. काच चांगली मोठी आहे, एकट्या टोपलीने भरणार नाही."

मी चढलो. दुसऱ्या खोक्यातून तो मफलर बाहेर आला, लांबच लांब, माझ्या हातातून थेट खाली तिच्या हातापर्यंत पोचणारा. माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं, चांगलं होतं, मेव्हणा नक्की हसला असता. ती खाली मफलरचं दुसरं टोक धरून माझ्याकडे बघत होती. मी ते वाक्य गिळलं आणि तो मफलर गळ्याभोवती गुंडाळून खाली उतरलो.